मैदानावरचा पियानोवाला

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की पहिला बळी जातो तो छंदाचा! हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. कपाटावर धूळ खात पडलेली गिटार, पलंगाखाली सरकवलेला तबला, ड्रॉइंग शीटच्या गुंडाळीत एखादं अर्धवट राहिलेलं स्केच... का रे बाबा सोडलंस, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. सबमिशन, ओरल, केटी, आणि यातून जीव वाचलाच तर प्लेसमेंट. मग रात्री मेसमधून परत आल्यावर हमखास दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, कला जपायची तर नोकरीला लाथ मारायची धमक हवी. दुसरी म्हणते, आधी पोटापाण्याचं बघा, बाकी सगळे चोचले. दोन्ही पार्ट्या दोन वाजेपर्यंत भांडतात आणि सकाळचं पहिलं लेक्चर बुडवतात.

या भांडणात एका तिसऱ्या माणसाला बोलवावं असं मला फार दिवस वाटत होतं. त्याचं नाव जिमी यान्सी. शिकागोचा. ब्लूज आणि जॅझच्या दुनियेत पियानोच्या डाव्या हाताला वळण लावणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचं नाव घेतलं जातं. आणि या माणसाने आयुष्यातली २५ वर्षं नोकरी काय केली, तर बेसबॉलच्या स्टेडियममध्ये ग्राउंड्समनची! गवत, माती, पाणी, रेषा. दिवसा मैदान, रात्री पियानो.

जिमीचा जन्म १८९० च्या दशकात शिकागोत झाला. घरात गाणं होतंच. वडील रंगमंचावर गायचे आणि गिटार वाजवायचे. त्या काळी अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता. एकाच खेळात गाणी, नाच, नकला, जादू असं सगळं. आपल्या तमाशाच्या आणि सर्कशीच्या मधलं काहीतरी समजा. छोटा जिमी पाच-सहा वर्षांचा असतानाच तिथे गायला आणि टॅप डान्स करायला लागला. म्हणजे बुटांना टाळ्या लावून पायाने ताल धरायचा. हा पोरगा अमेरिकाभर हिंडला, पुढे पहिल्या महायुद्धाच्या आधी युरोपचाही दौरा करून आला. लंडनला राजा पंचम जॉर्जसमोर त्याचा नाच झाला असं सांगितलं जातं.

आता अशा पोराचं पुढे काय व्हायला हवं होतं? स्टार! पण विशीच्या आसपास तो शिकागोला परत आला आणि रंगमंच सोडून घरीच राहिला. तिथे त्याने दोन गोष्टी मनापासून केल्या. एक बेसबॉल, दुसरी पियानो. बेसबॉल तो ‘शिकागो ऑल-अमेरिकन्स’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघातून खेळला. कृष्णवर्णीयांचा संघ असं मुद्दाम लिहिलं, कारण मोठ्या लीगमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना घेत नसत. तुम्ही कितीही चांगले खेळा, दार बंद. पियानो तो कुठल्याही म्युझिक स्कूलमध्ये गेला नाही, कानाने ऐकून बोटांनी शोधत शिकला.

हे शिक्षण कुठे होत होतं ते कळण्यासाठी त्या वेळचं शिकागो थोडं समजून घ्यावं लागेल. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, तिथल्या जाचातून सुटून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेकडच्या कारखान्यांत कामाला येत होती. १९१० साली शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे ४४ हजार होती, ती १९३० पर्यंत २ लाख ३० हजारांच्या वर गेली. पण एवढ्या लोकांना राहायला जागा कुठे? शहराच्या साउथ साइडला एक चिंचोळा पट्टा, बस. गोऱ्या वस्तीत घर मिळायचं नाही. जागा कमी, माणसं जास्त, त्यामुळे भाडं भरमसाट. महिनाअखेर आली की घरोघरी टेन्शन.

यावर लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. रेंट पार्टी! आपल्याच घरातलं फर्निचर बाजूला सारायचं, काहीतरी झणझणीत रांधायचं, पिण्याची सोय करायची आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांना थोडे पैसे घेऊन आत सोडायचं. जमलेल्या पैशातून भाडं भरायचं. या पार्टीत ऑर्केस्ट्रा परवडणार नाही. मग एकच माणूस बोलवायचा, पियानोवाला. त्याला खाणं-पिणं आणि वर चार पैसे. त्या एकट्याने ड्रम, बेस आणि गाणं असं सगळं दहा बोटांत सांभाळायचं, तेही भरलेल्या खोलीच्या गोंगाटात.

त्यातून जी शैली घडली ती बूगी-वूगी. आमच्या शाळेत असेंब्लीला सिस्टर पियानो वाजवायच्या, तेव्हा उजवा हात सूर धरायचा आणि डावा हात त्याच्या मागून अदबीने चालायचा. बूगी-वूगीत उलटं आहे. डावा हात मालक! तो खालच्या पट्टीत एक छोटा तुकडा पकडतो आणि न थांबता तोच फिरवत राहतो, तबल्याच्या ठेक्यासारखा. उजवा हात त्या ठेक्यावर मोकळा खेळतो, छेडतो, थांबतो, परत येतो. खालचा सांगाडा बहुतेक वेळा १२ मात्रांचा नव्हे, १२ बारचा. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, आणि सगळं मिळून तीनच मुख्य कॉर्ड. एवढ्या तुटपुंज्या सामानावर अख्खी रात्र काढायची. आपल्याकडे एकाच ठेक्यावर तासभर ख्याल रंगतो ना, तसंच काहीसं.

रेंट पार्टीचे बहुतेक पियानोवाले जोरात आणि वेगात वाजवायचे. आगगाडी सुटल्यासारखे. जिमी तसा नव्हता. तो सावकाश वाजवायचा, हळू वाजवायचा, आणि मुख्य म्हणजे कमी वाजवायचा. जिथे दुसरा दहा सूर टाकेल तिथे हा तीन टाकायचा आणि मधली जागा रिकामी ठेवायचा. त्याचा डावा हातही निराळाच. बाकीचे एका बारमध्ये आठ सारखे ठोके मोजून टाकायचे. जिमीच्या कितीतरी तुकड्यांत ते आठ ३-३-२ असे विभागल्यासारखे ऐकू येतात. ही चाल क्युबाच्या हाबानेरा नावाच्या नाचाची नातेवाईक. त्यामुळे ठेका धावत नाही, डुलतो. शिवाय तो एकाच गाण्यात डाव्या हाताचा तुकडा मध्येच बदलायचा, एखादा ठोका गाळायचा. ऐकणाऱ्याला वाटावं की आता चुकला, आणि नेमका तिथेच तो जागेवर येऊन बसायचा.

आणि त्याची एक खास खोड. गाणं कुठल्याही स्वरात असो, शेवट ‘ई फ्लॅट’मध्ये! पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत काळी दोन. समजा अख्खं गाणं पांढरी पाचमध्ये चाललंय, ऐकणारा त्याच घरात रमलाय, आणि शेवटच्या क्षणी हा माणूस त्याला उचलून काळी दोनच्या घरात नेऊन सोडतो. व्याकरणाच्या दृष्टीने चूक. पण दोन-तीन रेकॉर्ड ऐकल्या की तुम्ही त्या क्षणाची वाट बघायला लागता. चित्रकाराने खाली कोपऱ्यात सही करावी तशी ती जिमीची सही होती.

पण सही करायला चित्र विकलं तर जायला हवं! घर चालवायला पियानो पुरेसा नव्हता. १९२५ साली जिमीने शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ या मोठ्या बेसबॉल संघाच्या स्टेडियमवर, कोमिस्की पार्कवर, ग्राउंड्समनची नोकरी धरली. इथे जरा थांबून विचार करा. हा माणूस स्वतः बेसबॉल खेळलेला. आणि ज्या मैदानाची तो रोज निगा राखणार, त्या मैदानाच्या संघात त्याच्या रंगाचा एकही खेळाडू नाही, असण्याची परवानगीच नाही. १९३३ पासून कृष्णवर्णीयांच्या लीगचा मोठा वार्षिक ऑल-स्टार सामना याच मैदानावर भरायला लागला, तुडुंब गर्दी व्हायची. पण तो भाड्याने घेतलेल्या मैदानावर. मालकाच्या संघात नाही. आपण ज्याला सहज ‘साइड जॉब’ म्हणतो तसलं हे प्रकरण नव्हतं. त्याला कोणी दोन ऑफर लेटर समोर ठेवून निवड म्हटलं नव्हतं.

दरम्यान रात्री काय चाललं होतं? जिमीचं घर हे साउथ साइडच्या पियानोवाल्यांचा अड्डा झालं होतं. तरुण पोरं यायची, ऐकायची, बोटांकडे बघून शिकायची. त्यांत दोन जण पुढे फार मोठे झाले, मीड लक्स लुईस आणि अल्बर्ट ॲमन्स. हे दोघंही काही काळ टॅक्सी चालवायचे. म्हणजे या घराण्यात सगळेच नोकरदार! जिमीची बायको एस्टेला तिथे गायची. सगळे तिला मामा यान्सी म्हणत. (इथे मामा म्हणजे आईचा भाऊ नाही हं, आई!) तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, खडा होता, आणि जिमीच्या त्या मोकळ्या जागा जणू तिच्यासाठीच राखून ठेवल्यासारख्या वाटतात.

आता गोष्टीतला गमतीचा भाग, की दुःखाचा, तुम्हीच ठरवा. १९२८ च्या डिसेंबरमध्ये पाइनटॉप स्मिथ नावाच्या पियानोवाल्याने जी रेकॉर्ड केली तिच्यामुळे बूगी-वूगी हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. तीन महिन्यांत, १९२९ च्या मार्चमध्ये, एका डान्स हॉलमध्ये गोळी लागून तो गेला. वय चोवीस. लुईसने १९२७ मध्ये एक रेकॉर्ड केली होती, पण मग मंदी आली आणि सगळे त्याला विसरले. १९३५ साली जॉन हॅमंड नावाचा संगीतवेडा निर्माता त्याला शोधत शिकागोत आला, तेव्हा तो गाड्या धुण्याच्या जागी काम करताना सापडला. पुन्हा रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर १९३६ मध्ये लुईसने आपल्या गुरूच्या डाव्या हातावर रचलेलं एक गाणं वाजवलं. नाव, ‘यान्सी स्पेशल’. १९३८ मध्ये बॉब क्रॉसबीच्या मोठ्या ऑर्केस्ट्रानेही ते वाजवलं. म्हणजे यान्सी हे नाव रेकॉर्डच्या लेबलवर आलं, दुकानांत गेलं, लोक त्यावर नाचले... आणि खुद्द यान्सीची तोवर एकही रेकॉर्ड नव्हती. तो मैदानावर पाणी मारत होता.

२३ डिसेंबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हॅमंडने एक मोठी मैफल भरवली. तिथे लुईस, ॲमन्स आणि पीट जॉन्सन या तिघांनी बूगी-वूगी वाजवून हॉल हलवला. रातोरात देशभर बूगीचं वेड पसरलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३९ मध्ये, ब्लू नोट या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जॅझ कंपनीचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग झालं, तेही लुईस आणि ॲमन्सचंच. चेले कुठल्या कुठे पोचले. गुरू शिकागोतच.

अखेर १९३९ साली लोकांनी विचारलंच, की अरे, तो ‘स्पेशल’मधला यान्सी कोण? डॅन क्वाली नावाच्या न्यूयॉर्कच्या एका बारटेंडरने ‘सोलो आर्ट’ ही छोटीशी रेकॉर्ड कंपनी काढली होती. फक्त एकट्या पियानोच्या रेकॉर्ड. त्याने जिमीला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. तेव्हा जिमीने चाळिशी ओलांडली होती! त्याच वर्षी व्हिक्टर या बड्या कंपनीनेही त्याला बोलावलं. त्यातले ‘यान्सी स्टॉम्प’, ‘स्टेट स्ट्रीट स्पेशल’, ‘फाइव्ह ओ’क्लॉक ब्लूज’ हे तुकडे आजही यूट्यूबवर सहज सापडतात. प्रत्येक साधारण तीन मिनिटांचा, कारण तेव्हाच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. स्टेट स्ट्रीट म्हणजे त्याच्याच वस्तीतला मोठा रस्ता. दुसऱ्या एका तुकड्याचं नाव आहे ‘थर्टी-फिफ्थ अँड डिअरबॉर्न’. ते त्याच भागातल्या एका चौकाचं नाव, आणि कोमिस्की पार्कही पस्तिसाव्या रस्त्यावरच. माणूस जिथे राहायचा, जिथून कामाला जायचा, त्याच गल्ल्या त्याच्या गाण्यांना नावं होऊन चिकटल्या.

सिनेमात असतं तर इथे त्याने राजीनामा दिला असता. पार्श्वसंगीत, टाळ्या, न्यूयॉर्कची गाडी. पण जिमीने तसं काही केलं नाही. सकाळी तो पुन्हा मैदानावर हजर. १९४३ मध्ये मामा यान्सीबरोबर रेकॉर्डिंग केलं, नोकरी चालू. १९४८ मध्ये नवरा-बायको कार्नेगी हॉलमध्ये वाजवून-गाऊन आले, नोकरी चालू. ती संपली १९५० मध्ये, पंचवीस वर्षांनी.

मग मोकळा वेळ मिळाला, पण शरीर थकलं होतं. डायबेटीस होता. १९५१ च्या जुलैमध्ये अटलांटिक कंपनीसाठी त्याने शेवटचं रेकॉर्डिंग केलं. काही तुकड्यांत मामा यान्सी गायली, डबल बेसवर इस्राएल क्रॉसबी होता. हे रेकॉर्डिंग जरूर ऐका. हात थकलेत हे कळतं, सूर आणखी कमी झालेत, पण एकही वायफळ नाही. दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९५१ ला, तो गेला.

त्याच वर्षीची आणखी एक तारीख मला विसरता येत नाही. १ मे १९५१. त्या दिवशी व्हाइट सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला, क्युबाचा मिनी मिन्योसो. मैदान तेच, कोमिस्की पार्क. ज्या गवताची जिमीने पंचवीस वर्षं निगा राखली त्यावर त्याच्या रंगाचा माणूस यजमान संघाचा शर्ट घालून धावला, तेव्हा जिमीची नोकरी संपून फार दिवस झाले नव्हते.

आता हिशोब मांडू. जिमी गेला तेव्हा रॉक अँड रोल हा शब्द नुकता रांगत होता. पुढच्या चार-पाच वर्षांत तो जगभर धावला, आणि त्याच्या पोटात बूगी-वूगीचा तोच फिरता डावा हात होता. कधी पियानोवर, कधी गिटारवर चढवलेला. हॉस्टेलमध्ये गिटारवर कोणी जुनं रॉक अँड रोल छेडलं आणि खालच्या दोन तारांवर ते डुग-डुग डुग-डुग सुरू झालं, की समजा रेंट पार्टीचा पियानो वाजतोय. १९८६ मध्ये अमेरिकेत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची पहिली यादी जाहीर झाली. त्यात चक बेरी आणि एल्व्हिस प्रेस्लीसारखी मंडळी होतीच. पण त्यांच्या आधीचे, ज्यांच्यापासून हे सगळं आलं असे तीन कलाकारही निवडले होते. रॉबर्ट जॉन्सन, जिमी रॉजर्स आणि आपला जिमी यान्सी. त्या वर्षी मामा यान्सी नव्वद वर्षांची होती. ऐंशी ओलांडल्यावरही ती गात होती, रेकॉर्डिंग करत होती. नवऱ्याचा हा मान झाला आणि काही महिन्यांनी तीही गेली. कोमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडलं. आज त्या जागी शेजारच्या नव्या स्टेडियमचं पार्किंग आहे.

तर मग आपल्या दोन पार्ट्यांचं काय? पहिल्या पार्टीला जिमी सांगेल की नोकरी केली म्हणून कला मरत नाही. त्याने ती पंचवीस वर्षं करून दाखवली. पण दुसऱ्या पार्टीने लगेच टाळ्या वाजवू नयेत. कारण जिमीने पियानो हा चोचला मानला नाही. दमून घरी आल्यावर, कोणी रेकॉर्ड करणार नाही हे माहीत असताना, त्याने तो रोजच्या भाकरीइतकाच गंभीरपणे घेतला. चाळिशी उलटेपर्यंत. म्हणून १९३९ साली दार वाजलं तेव्हा दाखवायला काहीतरी तयार होतं.

आणि एक गोष्ट दोन्ही पार्ट्यांनी लक्षात ठेवावी. जिमीवर अन्याय झाला, हे त्याच्या साधेपणाच्या कौतुकात झाकून टाकू नये. त्याला नोकरी आणि कला यांत निवड करण्याची मुभा जेमतेमच मिळाली. आपल्याला ती पुष्कळ आहे. कॅम्पसमधून लागलेली नोकरी आहे, हातातल्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, कुठलं दार रंग बघून बंद होत नाही. असं असताना कपाटावरची गिटार खाली काढायला नक्की कोण अडवतंय, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या खोलीत विचारावा.

सबमिशन संपल्यावर एका रात्री दिवे घालवून, इयरफोन लावून ‘स्टेट स्ट्रीट स्पेशल’ ऐका. तीनच मिनिटं लागतात. डाव्या हाताकडे लक्ष द्या, मधल्या रिकाम्या जागा ऐका. आणि शेवटच्या सेकंदाला बंद करू नका. तिथे काळी दोन आहे.